हात बसलेला माणूस टिकवायचा कसा? नव्या सुपरवायझर आणि मॅनेजरसाठी

कुपवाड, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), पलूस, सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा. निम्म्या गेटवर 'सीएनसी ऑपरेटर, सेटर पाहिजेत' अशी पाटी दिसेल, आणि ती वर्षभर उतरत नाही. (सीएनसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशिन, आणि सेटर म्हणजे ते नव्या कामासाठी जुळवून देणारा माणूस.) पोरं मिळतात, दरवर्षी आयटीआयमधून बाहेर पडतात. खरी अडचण पुढे येते. दोन वर्षांत पोराचा हात बसतो, ड्रॉइंग वाचता यायला लागतं, रिजेक्शन (बाद होणारे पार्ट) कमी होतं, आणि नेमका तेव्हाच तो पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांकडे निघून जातो.

मी कुपवाडच्या एका मशिन शॉपमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो, पुढे सेटर झालो, मग सुपरवायझर. आता तिथलं उत्पादन बघतो. माणूस सुपरवायझर होतो तेव्हा त्याला मशिनचं सगळं येत असतं, माणसांचं मात्र कोणी शिकवलेलं नसतं. कालपर्यंत शेजारच्या मशिनवर उभी असणारी माणसं आज आपल्याकडे बघत असतात. अशा नव्या माणसासाठी हे लिहितोय.

चाकणचा पगार आपल्याकडचं लहान युनिट देऊ शकत नाही, हे मान्य. पण तिथलं खोलीभाडं, मेस, गावाकडच्या फेऱ्या हे सगळं वजा केलं की हातात राहणारा फरक कमी होतो, आणि हे आपल्या पोरांना चांगलं कळतं. आई-वडील, शेत, म्हशी सोडून जायची हौस कोणाला नसते. माझ्या पाहण्यात चांगला माणूस जातो तो बहुतेक वेळा इथे पुढचं काम दिसत नाही म्हणून. त्यामुळे माणूस टिकवणं आणि माणूस घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मी मानत नाही. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- गेल्या दोन-तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची नावं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. हजेरी मस्टर किंवा पंचिंगच्या रिपोर्टवरून निघते.
- तुमच्या हाताखालच्या प्रत्येकाच्या नियुक्तिपत्राची प्रत. कंत्राटी माणूस असेल तर ठेकेदाराने दिलेलं पत्र.
- गेल्या तीन महिन्यांचं पगारपत्रक आणि ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास.
- प्रत्येकाचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), ईएसआय (कामगार विमा) नंबर आणि पीएफला वारस लावला आहे का याची नोंद.
- तुमच्या विभागातली सगळी मशिन आणि कामं यांची यादी.
- खिशात मावेल अशी वही. मोबाईलवर टिपण घेऊ नका. माणूस मन मोकळं करत असताना तुम्ही मोबाईलमध्ये बघताय असंच त्याला वाटतं.

१. आधी गेलेल्यांची यादी वाचा

यादीचे तीन भाग करा: तीन महिन्यांच्या आत गेलेले, वर्षाच्या आसपास गेलेले, आणि तीन वर्षं काढून गेलेले. तिघांची कारणं वेगळी असतात. तीन महिन्यांत जाणाऱ्याला पहिल्या दिवसांत कोणी विचारलेलं नसतं, किंवा भरतीच्या वेळी सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम वेगळं निघालेलं असतं. वर्षाच्या आसपास जाणारा बहुतेक करून पगाराच्या हिशोबावर नाराज असतो. तीन वर्षांनी जाणारा अडकून पडल्यासारखा झालेला असतो, आणि कंपनीचं सर्वात मोठं नुकसान याच्या जाण्याने होतं.

राजीनाम्याच्या अर्जावर सगळीकडे 'घरगुती कारण' लिहिलेलं सापडेल. त्यावर विसंबू नका. गेलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांनी निवांत फोन करा. तोवर हिशोब मिळालेला असतो, नव्या जागी बस्तान बसलेलं असतं, मग तो खरं सांगतो. एक सेटर मला फोनवर म्हणाला होता, "साहेब, पगाराचं नव्हतं ओ. चार महिने मागत होतो, मला प्रोग्रामिंगला बसवा. दर वेळी पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात." त्याची मागणी पुरी करायला एक रुपयासुद्धा लागणार नव्हता.

२. पगाराचा हिशोब स्वच्छ करा

प्रेमाने बोलण्याचा उपयोग पगार वेळेवर असेल तरच होतो. सुपरवायझरला वाटतं हे अकाउंट्सचं काम आहे. पण ओटीचे दोन तास कमी लागले तर माणूस अकाउंट्सकडे जात नाही, तुमच्याकडे येतो. म्हणून एवढं तोंडपाठ हवं:

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. ओटी दुप्पट दराने. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. बोनस किमान ८.३३ टक्के. पीएफला माणसाच्या पगारातून १२ टक्के आणि तेवढेच कंपनीचे.

ग्रॅच्युइटीबद्दल आपल्याकडच्या तरुण पोरांना जवळजवळ काही माहीत नसतं. त्यांना कागदावर मांडून दाखवा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० असेल तर भागिले २६, म्हणजे दिवसाचे ६००. वर्षाला १५ दिवस धरायचे, म्हणजे ९,००० रुपये. दहा वर्षं काढली तर ९०,०००. कायम कामगाराला यासाठी पाच वर्षं सलग पूर्ण करावी लागतात. ठरावीक मुदतीच्या करारावर असेल तर नव्या संहितेत एक वर्षाची सेवा पुरते. साडेचार वर्षांवर नोकरी सोडायला निघालेल्या पोराला हा हिशोब कोणीतरी सांगायलाच हवा.

इथला सापळा: ईएसआयची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. तुम्ही कौतुकाने एखाद्याचा पगार २०,५०० वरून २१,५०० केला, तर चालू सहामाहीपुरती (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) वर्गणी चालू राहते, पण पुढे काही महिन्यांत त्याचं आणि घरच्यांचं ईएसआयचं संरक्षण संपतं. घरात म्हातारे आई-वडील आणि बाळंतपण जवळ आलेली बायको असेल तर हजार रुपयांची वाढ त्याला तोट्यात घालते. वाढ देण्याआधीच मालकांशी बोलून अशा माणसासाठी आरोग्य विमा काढायचं ठरवून घ्या, आणि माणसालाही आधी कल्पना द्या.

आणखी एक छोटं काम. जेवणाच्या सुट्टीत एकेकाला बसवून पीएफच्या पोर्टलवर वारस नोंद करून द्या. सभासद नोकरीत असताना दगावला तर पीएफला जोडलेल्या विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. वारस लावलेला नसला की घरच्यांना ऐन दुःखात कागदांसाठी हेलपाटे घालावे लागतात.

३. नव्या माणसाचा पहिला महिना

आपल्याकडे येणारी बरीच पोरं जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची असतात, काही सीमेपलीकडून अथणी, कागवाडहून, आणि आता बिहार, ओडिशाकडचीही. मिरजेत किंवा कुपवाडात चार-पाच जण मिळून खोली घेतात. पहिल्या दिवशी त्यांना मशिनची भीती कमी आणि माणसांची जास्त वाटते.

पहिल्या दिवशी एक जोडीदार ठरवून द्या. सर्वात हुशार माणूस निवडू नका, सर्वात शांत माणूस निवडा. पाणी कुठे, कॅन्टीनचं कूपन कुठे, सेकंड शिफ्ट सुटल्यावर गावाकडे गाडी मिळते का, रजा कोणाला सांगायची, हे जोडीदाराने सांगायचं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही स्वतः पाच मिनिटं जाऊन विचारा, "जेवायचं काय करतोस?" या प्रश्नातून खोलीचं, पैशाचं, झोपेचं सगळं कळतं.

पहिला पगार होण्याआधी हात अडचणीत असतो. उचल द्यायची पद्धत असेल तर नव्या माणसाला ती मागावी लागू नये, आपणहून सांगावं.

४. कोणाला काय येतं, याचा तक्ता भिंतीवर लावा

एका बाजूला नावं, वर कामं: टर्निंग, व्हीएमसी (उभं मिलिंग मशिन), सेटिंग, ऑफसेट देणं (टूलच्या मापातली दुरुस्ती मशिनला देणं), बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजायच्या साधनाने) मोजणं, पहिला पीस पास करून घेणं, प्रोग्राममध्ये बदल. प्रत्येक चौकोनात एक गोल. शिकायला लागला की पाव गोल भरायचा, कोणाच्या नजरेखाली करतो तेव्हा अर्धा, एकट्याने करतो तेव्हा पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकतो तेव्हा पूर्ण.

हा तक्ता ऑडिटसाठी बऱ्याच कंपन्यांत असतो, पण फाईलमध्ये. तो भिंतीवर आला की दोन गोष्टी होतात. एकाच माणसावर अडलेलं काम सगळ्यांना दिसतं, आणि प्रत्येकाला आपला पुढचा रिकामा गोल दिसतो. दर तीन महिन्यांनी माणसाला समोर बसवून विचारा, "यातला कुठला भरायचा?" तो ज्यावर बोट ठेवेल ते वहीत लिहा, तारीख टाका, आणि ते करून द्या. करून देणं शक्य नसेल तर त्याच दिवशी सांगा.

गोल भरायचा तो काम तपासून. सेटरने 'येतंय की त्याला' म्हटलं म्हणून भरू नये.

इथे किर्लोस्करवाडीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला तेव्हा तयार कारागीर मिळणार कुठून? त्यांनी शाळा अर्धवट सुटलेली, पण यंत्रात मन रमणारी माणसं हेरली, आणि ज्याचा ज्यात कल त्याला ते काम दिलं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना राखणीला ठेवलं. पलूसजवळच्या त्या माळावर हे होऊ शकलं, तर आपल्या वीस-तीस माणसांच्या शॉपमध्ये कोणाचा कल कुठे आहे हे बघायला आपल्याला जमायलाच हवं. मापात बारकाईने रमणारा पोरगा क्वालिटीत फुलतो, त्यालाच रोज लोडिंगला उभा केला तर कंटाळून जातो.

५. शिकवायचं कसं

'बघ मी कसं करतो' एवढ्यावर आपल्याकडे शिकवणं संपतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना भराभर नवी माणसं तयार करावी लागली, तेव्हा सुपरवायझरसाठी एक चार टप्प्यांची पद्धत बसवली गेली. तीच मी वापरतो. बोअरचं माप बोअर गेजने घ्यायला शिकवायचं आहे असं धरा.

पहिला टप्पा, माणसाला तयार करा. त्याला आधी काय येतं ते विचारा, व्हर्निअर वाचता येतो का बघा. हा बोअर कुठे बसतो ते जोडीचा पार्ट हातात देऊन दाखवा. बेअरिंग बोअरमध्ये सैल फिरताना एकदा बोटांना कळलं की दोन शतांश मिलिमीटर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा टप्पा, करून दाखवा. पहिल्यांदा न बोलता. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरी सांगत: बोअर पुसा, चिप राहिली नाही ना बघा, रिंग गेजवर (ठरलेल्या मापाच्या कड्यावर) शून्य लावा, गेज तिरका घालून हलकेच मागेपुढे करा, काटा जिथून उलटा फिरतो तो आकडा वाचा. तिसऱ्यांदा कारणं सांगत. पुसायचं का, तर चिकटलेला कूलंट आणि बारीक चिप माप बदलतात. मागेपुढे का करायचं, तर तिरक्या गेजचा आकडा खोटा असतो.

तिसरा टप्पा, त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना त्याला तोंडाने बोलू द्या. जिथे गप्प होतो तिथे त्याला कळलेलं नाही. चुकला तर लगेच थांबवून पुन्हा दाखवा, पण चारचौघांत आवाज चढवू नका. इथे ओरडा खाल्लेला माणूस पुढे माप शंकास्पद वाटलं तरी विचारायला येत नाही, आणि सगळी लॉट परत येते.

चौथा टप्पा, सोडून द्या पण लक्ष ठेवा. अडला तर कोणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगा. पहिल्या दिवशी तासाला, मग शिफ्टला दोनदा, मग कमी.

शिकवणाऱ्या सेटरला तेवढा वेळ मोकळा द्या. त्याचं उत्पादन त्या दिवशी कमी येणार, ते तुम्ही वर सांगून ठेवा. हे न सांगता त्याच्यावर पोरगा सोपवला तर तो त्याला बाजूला उभा करून स्वतःच जॉब काढतो.

सांगली-मिरजेच्या आयटीआयमधून ॲप्रेंटिस घेत असाल तर हीच पद्धत. ३० किंवा जास्त माणसांच्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं कायद्याने भाग आहे, आणि राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसतं. ॲप्रेंटिसला वर्षभर झाडू आणि लोडिंग देणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. शिकण्यासाठी आलेल्या पोराचं वर्ष वाया घालवू नका, तो पुढे तुमच्याकडे फिरकणार नाही.

६. शिकला की त्याच महिन्यात फरक दिसू द्या

'शिकवलं की पळून जातात' हे वाक्य तुम्हाला मालकांकडून नक्की ऐकायला मिळेल. त्यात तथ्य आहे, पण कारण शिकवणं हे नव्हे. माणूस सेटिंग शिकतो मे महिन्यात. त्या दिवसापासून तुम्ही त्याच्याकडून सेटिंग करून घेता. पगार मात्र ऑपरेटरचाच, आणि वाढ पुढच्या एप्रिलला. मधल्या वर्षभरात बाजारात त्याची किंमत सेटरची असते आणि तुमच्या पगारपत्रकात ऑपरेटरची. तो फरक दुसरा कोणीतरी भरून देतो.

उपाय साधा आहे, पण मालकांकडून मंजूर करून घ्यावा लागतो. प्रत्येक पाऊण गोलाला एक ठरलेली रक्कम लावा. ५०० असो, ८०० असो, पण आधी जाहीर केलेली आणि सगळ्यांना सारखी. तपासणीत पास झाला की त्याच महिन्याच्या पगारात. पद बदललं असेल तर पत्र द्या, नुसतं 'आजपासून तू सेटर' असं तोंडी नको. ते पत्र घरी दाखवलं जातं, सोयरिकीच्या वेळी बाहेर काढलं जातं.

मालक 'परवडत नाही' म्हणाले तर एक सेटर गेल्यावर झालेला खर्च मांडून दाखवा: बंद मशिनचे तास, नव्या माणसाचं रिजेक्शन, बाकीच्यांची दुप्पट दराची ओटी. हा हिशोब तुमच्याच शॉपच्या आकड्यांवर करा, दुसऱ्याचे आकडे त्यांना पटणार नाहीत.

इथला सापळा: चांगल्या ऑपरेटरला बक्षीस म्हणून सुपरवायझर करणं. काहींना माणसं सांभाळायची आवड नसते. त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवा: सीनिअर सेटर, प्रोग्रामर, फिक्स्चर (मशिनवर पार्ट धरून ठेवणारं साधन) बनवणारा, आणि तिचा पगार सुपरवायझरइतका जाऊ द्या.

७. महिन्याला एकदा दहा मिनिटं

प्रत्येकाशी, एकट्याने, केबिनमध्ये न बोलावता. चहाच्या वेळी शेडबाहेर उभं राहून चालतं. मी साधारण चार प्रश्न विचारतो. कुठल्या कामात वेळ फुकट जातो? कोणाचं काय खटकतं? काय शिकायचंय? आणि, गेल्या महिन्यात सोडून जावंसं कधी वाटलं? शेवटच्या प्रश्नाला पहिल्यांदा हसून टाळतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उत्तर येतं. वयाने मोठ्या तात्या-अण्णांना हाच प्रश्न अदबीने आणि वेगळ्या शब्दांत विचारा: "तात्या, माझ्या जागी तुम्ही असता तर काय बदललं असतं?"

ऐकलेलं आठवडाभरात तडीस न्या किंवा 'होणार नाही' म्हणून कळवा. विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

माणसाचं मन उडाल्याच्या खुणा अर्ज येण्याच्या आधी दिसतात. खाडे वाढतात ही सगळ्यांना माहीत असलेली खूण. माझा भर दुसऱ्या खुणेवर असतो. इन्सर्ट (टूलला लावायचा कापणारा तुकडा) खराब आला म्हणून स्टोअरशी तावातावाने भांडणारा ऑपरेटर एके दिवशी तोच इन्सर्ट गुपचूप लावतो आणि मशिन चालू करतो. सुपरवायझरला बरं वाटतं, कटकट गेली. पण त्याने आता या कामाला आपलं मानणं सोडलेलं असतं. त्याच दिवशी त्याच्याशी बोला.

८. छाटणी, तोड, यात्रा आणि पूर

आपल्या माणसाचा एक पाय शेतात असतो, हे धरूनच शिफ्ट लावा. द्राक्षाची बाग असलेल्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी असते. उसाला तोड कधी येईल सांगता येत नाही, पण आली की घरचा माणूस फडात लागतो. गावची यात्रा ठरलेली असते. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांकडून या तारखा लिहून घ्या आणि एकाच मशिनवरचे दोघं एकाच वेळी जाणार नाहीत अशी जुळणी करा. तोडीसाठी आदल्या संध्याकाळी फोन आला तर त्यांनी आपसात बदली ठरवून कळवायची मुभा द्या. रजा नाकारली तरी तो जाणारच आहे. तेव्हा फक्त खोटं कारण सांगून जाईल.

पुराचं वेगळं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या गावातली माणसं त्या वेळी जनावरं हलवत होती. अशा दिवसांत गैरहजेरी लावायची की पगारी सुट्टी द्यायची, हे पाणी यायच्या आधी, पावसाळ्याच्या तोंडावर मालकांशी ठरवून घ्या आणि सगळ्यांना सांगा. त्या आठवड्यात कंपनी कशी वागली हे माणसं कधीच विसरत नाहीत.

९. तरीही राजीनामा आला तर

लगेच पगार वाढवून देऊ नका. अर्ज दिल्यावरच वाढ मिळते असा संदेश पूर्ण शॉपला जातो, आणि मूळ कारण तसंच राहिल्याने तो माणूसही फार दिवस थांबत नाही. आधी कारण ऐका. शिफ्ट, एखाद्याशी बिनसणं, अडलेलं शिक्षण, असं तुमच्या हातातलं काही असेल तर तेवढं सोडवून बघा.

जायचंच ठरलं असेल तर मोठ्या मनाने जाऊ द्या. अनुभवाचा दाखला अडवू नका, हिशोब लटकवू नका. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत देय वेतन द्यायचं आहे. मागे राहिलेली माणसं तुमचं हे वागणं बारकाईने बघत असतात. जाणाऱ्याकडून शेवटच्या आठवड्यात त्याच्या खास सेटिंगची टिपणं लिहून घ्या, ज्याला शिकवायचं त्याला शेजारी उभा करा.

चाकणहून परत येणारेही बरेच असतात, लग्न झालं, वडील थकले की. जागा असेल तर घ्या. तक्त्यावर त्याचं नाव पुन्हा लिहिताना बाहेर शिकलेलं कामही तपासून भरा आणि त्याप्रमाणे पगार ठरवा. 'सोडून गेला होता' म्हणून कमी देऊ नका. पीएफ जुन्याच यूएएनला जोडायचा, नवा नंबर काढू द्यायचा नाही, आणि मधल्या कंपनीतली रक्कम काढून न घेता वर्ग करायला सांगायची. पेन्शनला लागणारी दहा वर्षं अशीच जोडून धरली जातात.